एका स्वयंपाकघराचे परीक्षण

नाटकाचे परीक्षण लिहायला नाटक लिहिता यावे लागत नाही, ही मराठी साहित्यातली फार मोठी सोय आहे. तिचा फायदा मी पंचवीस-तीस वर्षे मनसोक्त घेतला. कर्जतला मास्तरकी करताना गणेशोत्सवात आणि स्नेहसंमेलनांत जी म्हणून नाटके झाली, त्या सगळ्यांवर मी जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात सडकून लिहिले. 'नेपथ्य बरे होते' हे वाक्य तर मी इतक्या वेळा लिहिले, की छापखान्यातल्या माणसाने ते म्हणे कायमचे जुळवूनच ठेवले होते. तेव्हा आमच्या चिरंजीवांनी जर्मनीहून फोन करून, "बाबा, आईसाठी इम्पोर्टेड किचन घ्यावं म्हणतोय, तुमचं मत काय?" असे विचारले, तेव्हा मत द्यायला मी एका पायावर तयार झालो. मला स्वयंपाक येत नाही ही अडचण मला अडचण वाटली नाही. उलट तीच पात्रता वाटली.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आमचे घर माथेरानला, बाजारपेठेपासून जरा आत, झाडीत. घर आजोबांचे, भिंती जांभ्या दगडाच्या. चार खोल्या सीझनला पाहुण्यांना देतो. बाहेर पाटी आहे, 'घरगुती जेवणाची सोय'. यातली 'सोय' म्हणजे आमची सौभाग्यवती. मी आठवडाभर खाली कर्जतला शाळेत आणि ही वर ओट्याशी, असा आमचा संसार जवळजवळ तीस वर्षे चालला. मे महिन्यात आणि दिवाळीत हिने वीस-वीस पाने वाढायची आणि मी शनिवारी वर येऊन, पंगतीत बसून, 'आज आमटी जरा पातळ झाली' असे परीक्षण करायचे.

दोन वर्षांपूर्वी हिच्या गुडघ्यांनी आणि कमरेने एकदमच संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "उभं राहणं कमी करा." हे म्हणजे नेरळ-माथेरान गाडीला 'चढ टाळत जा' असे सांगण्यासारखे झाले. ही बातमी स्टुटगार्टला पोहोचली आणि चिरंजीवांच्या मनात किचनने घर केले.

जर्मनीत स्वयंपाकघराचे प्रकरण फार गंभीर आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. तिकडे भाड्याने घर घ्यायला जावे तर पुष्कळदा त्यात स्वयंपाकघरच नसते. नुसती भिंत आणि भिंतीतून डोकावणारा नळ. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटे, सिंक यांच्यासकट आपले स्वयंपाकघर उचलून नव्या घरी घेऊन गेलेला असतो. आमच्याकडे घर सोडताना माणसे फार तर तुळशीचे रोप आणि गॅसचे पुस्तक नेतात. ज्या देशात माणूस स्वयंपाकघर जावयासारखे जपून बरोबर नेतो, तिथले स्वयंपाकघर चांगलेच असणार, हा चिरंजीवांचा युक्तिवाद मला पटण्यासारखा होता.

मग मुंबईच्या एका शोरूममधून एक गृहस्थ माप घ्यायला आले. वयाने तिशीचे, टाय लावलेले. टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबली तेव्हा त्यांना वाटले, ड्रायव्हर चहाला थांबला. पुढे गाडी जातच नाही म्हटल्यावर ते घोड्याला भ्यायले आणि चालत आले. आमच्या अंगणात पोचले तेव्हा त्यांच्या काळ्या बुटांपासून गुडघ्यांपर्यंत माथेरानची तांबडी माती चढली होती. मी मनात म्हटले, प्रवेश चांगला घेतला.

त्यांनी जाडजूड कॅटलॉग ओटीवरच्या टेबलावर ठेवला आणि ते पाणी प्यायला आत गेले. तेवढ्यात एक माकड आले, कॅटलॉग घेऊन पत्र्यावर गेले आणि त्याने तो शांतपणे चाळला. चार पाने चाळून खाली टाकून दिला. पहिले प्रतिकूल परीक्षण ते.

त्या गृहस्थांचे बोलणे मात्र गोड. "मॅडम, आता तुमचं किचन म्हणजे एक सोल्यूशन असेल." हिने आयुष्यात अनेक प्रश्न सोडवले, पण स्वयंपाकघराला उत्तर म्हटलेले हिने प्रथमच ऐकले. मग त्यांनी पडद्यावर खण दाखवले. पूर्ण बाहेर येणारे, तळाशी हात घालता येणारे, ढकलले की शेवटच्या चार बोटांत आपोआप हळू होऊन मुके मिटणारे.

"आवाजच नाही!" मी म्हणालो.

"मग रागावल्यावर आपटायचं काय?" ही म्हणाली.

खालच्या वाडीवरून रोज चढून येणाऱ्या आमच्या मावशी दारात उभ्या राहून हे सगळे पाहत होत्या. कपाटांना मूठच नाही, नुसते बोट लावले की दार उघडते, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "बोट कोणाचं, ते त्याला कळतं का?" आम्ही सगळ्यांनी पत्र्याकडे पाहिले. माकड अजून तिथेच होते. आमच्या जुन्या फडताळाला हाताएवढी कडी आणि कोयंडा आहे, त्यात खिळा अडकवावा लागतो आणि तरी वर्षातून दोनदा गुळाची ढेप पळवली जाते. नुसत्या बोटाने उघडणारे कपाट माथेरानात लावणे म्हणजे वानरांना जेवणाचे आमंत्रण देण्यासारखे आहे.

मग भिंतीची मापे सुरू झाली. लाल किरण सोडणारे एक यंत्र होते. तीन वेळा मोजून ते गृहस्थ गंभीर झाले. "सर, तुमची भिंत चार सेंटीमीटर आउट आहे."

"भिंत आजोबांनी बांधली," मी म्हणालो.

"पण आपलं युनिट साठ सेंटीमीटरचं असतं. ते काटकोनातच बसतं."

साठ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ दोन फूट, म्हणजेच आमच्या झुकझुक गाडीच्या दोन रुळांमधले अंतर. एवढे एकच माप मला ओळखीचे वाटले. बाकी आमच्या घरात काटकोन असा शेवटचा माझ्या कंपासपेटीतच होता.

अंदाजपत्रक आठ दिवसांनी आले. २२ लाख ४० हजार. त्यातले १२ लाख चिरंजीव देणार होते. उरलेले आमच्या ठेवीतून, म्हणजे जी आम्ही दवाखान्यासाठी म्हणून बाजूला ठेवली होती तिच्यातून. ऑर्डर दिल्यावर माल यायला सोळा आठवडे. मार्चमध्ये ऑर्डर दिली तर माल उतरणार जुलैमध्ये. खाली बारीक अक्षरात: 'गेटपर्यंत पोच'.

मी फोन लावला. "गेट म्हणजे कुठलं?"

"तुमच्या बंगल्याचं, सर."

"अहो, तुमच्या ट्रकाचं गेट दस्तुरी नाका आहे."

माथेरानात मोटारीला मज्जाव आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथली शांतता बिनमोटारीचीच आहे. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा चाचणीसाठी आल्या, पण त्या माणसे नेण्यासाठी. दहा फुटी अखंड दगड त्यांच्यात आडवा टाकता येत नाही. आमचे तांदूळ, कांदे, सिमेंट, सिलिंडर सगळे नाक्यावर उतरते आणि तिथून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर घरी येते. मी आमच्या ओळखीच्या घोडेवाल्याला विचारले. तो म्हणाला, "मास्तर, घोडा न्यायला नेईल. पण वळण आलं की घोडा वळेल, दगड कसा वळणार?" म्हणजे दहा-बारा माणसे. जुलैच्या पावसात, चिखलातून, खांद्यावर दहा फुटी दगड घेऊन. ते चित्र डोळ्यांपुढे आले आणि माझा समीक्षकाचा उत्साह जरा ओसरला.

चिरंजीवांनी हार मानली नाही. "बाबा, तुमच्या टॉय ट्रेनची पहिली इंजिनं कुठली होती? जर्मनच ना!"

हे खरे होते. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली ही लाइन १९०७ साली सुरू झाली, आणि तिची चार वाफेची इंजिने जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याची होती. आयात केलेली. इतकी वर्षे इथल्या पावसात, वीसात एक चढ चढत ती चालली. मग जर्मन स्वयंपाकघर का चालू नये?

मी निरुत्तर झालो. समीक्षक निरुत्तर झाला की ग्रंथालयात जातो, म्हणून मी वाचू लागलो. आणि मला एक गोष्ट कळली. त्या इंजिनांची रचनाच मुळी या घाटासाठी केलेली होती. वळणे इतकी अवघड, की सरळ आसाचे इंजिन रूळ सोडून दरीतच जायचे. म्हणून पुढचा आणि मागचा आस वळणावर जरा बाजूला सरकेल अशी योजना त्यांत होती. डोंगराला कुणी 'तुमचं वळण आउट आहे' असे म्हटले नाही. इंजिन वळायला शिकले.

वाचता वाचता एक बाईही भेटल्या. मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की, वास्तुतज्ज्ञ. आज जगभर जे बसवलेले स्वयंपाकघर दिसते त्याचे मूळ त्यांनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात सापडते. रेल्वेच्या डायनिंग कारमधला चिंचोळा मुदपाकखाना पाहून त्यांनी सुमारे साडेसहा चौरस मीटरमध्ये सगळे बसवले. साखर, तांदूळ यांचे नावे घातलेले अॅल्युमिनियमचे खण, बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरे बांधली गेली. आणि मौज म्हणजे तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे त्यांनीच पुढे सांगून टाकले. हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू! पण पुढचे वाचल्यावर तो गेला. त्यांना स्वयंपाक येत नव्हता, म्हणून त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हालचालींचा, पावलांचा, मिनिटांचा हिशेब मांडला. मला येत नव्हता, म्हणून मी आमटी पातळ झाल्याचे सांगितले.

तरी मी ऑर्डरवर सही करायला निघालो होतो. पैसा मुलाचा, हौस मुलाची, दुखणे हिचे. ते गृहस्थ दुसऱ्यांदा आले, या वेळी घोड्यावरून. रंगीत नकाशा टेबलावर पसरला. "मॅडम, काही शंका?"

ही एवढा वेळ गप्प होती. नकाशाकडे पाहत म्हणाली, "एकच. ह्याच्यापुढे माझा पाट बसेल ना?"

"कसला पाट?"

"उभं राहायचा."

मी आत जाऊन पाहिले. ओट्याखाली, गॅसच्या समोर, एक शिसवी पाट होता. तीन इंच उंच, मधोमध झिजून खोलगट झालेला. तो पाट मी चाळीस वर्षे पाहत होतो. तो तिथे का आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. मला वाटले, फरशी गार लागते म्हणून असेल.

आमचा कडप्प्याचा ओटा वडिलांनी १९७८ साली बांधून घेतला. गवंड्याने "किती उंच?" म्हणून विचारले, तेव्हा वडिलांनी स्वतः उभे राहून कमरेला हात लावला असणार. वडील चांगले पावणेसहा फूट. छत्तीस इंच ओटा झाला. सहा वर्षांनी खोपोलीहून ही लग्न होऊन आली. उंची चार फूट अकरा इंच. सासऱ्यांच्या ओट्याला नाव कसे ठेवायचे? हिने पाट घेतला. वीस पाने वाढायची म्हणजे त्या पाटावरून दिवसातून किती वेळा उतरायचे आणि किती वेळा चढायचे, याचा हिशेब माझ्याच्याने होईना. गुडघे कशाने गेले, हे मात्र डॉक्टरांच्या आधी त्या पाटाने सांगितले असते.

मी नकाशा पाहिला. ओट्याची उंची: ९१ सेंटीमीटर. म्हणजे छत्तीस इंच! बावीस लाख चाळीस हजार खर्चून, समुद्र ओलांडून, बारा माणसांच्या खांद्यावरून माझ्या वडिलांचाच ओटा परत येणार होता.

"हे कमी नाही होणार?" मी विचारले.

"होईल ना सर, कस्टम आहे. पण कुणी सांगितलंच नाही."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी भिंत तीन वेळा मोजली होती. हिला त्यांनी मोजले नव्हते. मीही नव्हते मोजले.

त्या रात्री मी जाहीर केले, की उद्याचा स्वयंपाक मी करणार. ओटा अनुभवल्याशिवाय लिहायचे नाही. पिठले-भाकरी ठरली. मी ओट्याशी उभा राहिलो आणि उद्गारलो, "अगं, ओटा तर अगदी बरोबर आहे!" खरेच बरोबर होता. मी वडिलांच्या उंचीवर गेलो आहे. ज्याने कधी चहासुद्धा केला नाही त्याच्या कमरेला तो ओटा तंतोतंत बसत होता.

ही म्हणाली, "आता गुडघे वाकवून, माझ्याएवढे होऊन पीठ मळा."

मी वाकलो. कोपर ओट्याच्या पातळीला आले. पीठ मळायला वरून जोर लावायचा, तर खांदे कानांपर्यंत गेले. तिसऱ्या भाकरीच्या आधी माझी मान, खांदे आणि अभिमान तिन्ही एकदम दुखू लागले. भाकरीचा नकाशा झाला तो निराळाच.

दुसऱ्या दिवशी सुतारमामांना बोलावले. त्यांनी भिंतीकडे पाहिलेच नाही. हिला म्हणाले, "वहिनी, सरळ उभ्या राहा. हात दुमडा." जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. साडेछत्तीस. "कोपराच्या खाली चार ते सहा बोटं नाही, इंच. एकतीसला घेऊ. मळायला, भाकरी थापायला अजून खाली, अठ्ठावीस." चाळीस वर्षांत हिचे माप घेणारा हा दुसरा माणूस. पहिला ब्लाउजचा शिंपी.

तेव्हा आता परीक्षण. चिरंजीवांना पाठवले तेच इथे देतो.

त्या आयात स्वयंपाकघरात चांगले काय? खण. यावर दुमत नाही. खालच्या कपाटात गुडघ्यावर बसून, डोके आत घालून मागचा डबा शोधण्यात बायकांचे अर्धे आयुष्य जाते. खण ओढला की सगळे डबे समोर येतात. त्या खणांच्या सरकपट्ट्या आणि बिजागऱ्या खरोखर उत्तम असतात, आणि त्या सुट्या मिळतात. आम्ही त्या परदेशीच घेतल्या. त्या एका पिशवीत मावल्या आणि घोड्याला पत्ताही लागला नाही.

वाईट काय? अशी पुष्कळशी कपाटे भुश्श्याच्या दाबलेल्या फळ्यांची असतात. कोरड्या हवेत त्या छान. पण कापलेल्या कडेतून पाणी शिरले की त्या फुगतात, आणि फुगलेली फळी रुसलेल्या जावयासारखी पूर्वपदावर येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात ढग दारातून आत येतो आणि खिडकीतून बाहेर जातो. मिठाचे पाणी होते, पापड लोळतात. तिथे भुश्श्याचा काय पाड? आम्ही पाण्यात टिकणारे प्लाय घेतले, आयएस ७१० चा छाप पाहून. आणि प्रत्येक दाराला कडी. मावशींनी स्वतः ओढून पाहिली.

बावीस लाख चाळीस हजारांना ते योग्य आहे का? मी उगाच विदेशी मालाच्या नावाने बोटे मोडणार नाही. चौदाव्या मजल्यावर सरळ भिंतींचे घर आहे, खाली ट्रक आणि आत लिफ्ट येते, दवाखान्याची ठेव मोडावी लागत नाही आणि स्वयंपाक करणाऱ्याला त्यात आनंद आहे, अशांनी ते खुशाल घ्यावे. मात्र सही करण्यापूर्वी ट्रक कुठे थांबतो ते विचारावे, फळी कशाची आहे ते विचारावे आणि कोपर कुणाचे मोजले ते विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर ते स्वयंपाकघर भिंतीसाठी शिवलेले आहे. आणि भिंत स्वयंपाक करत नाही.

आमचे काम ४ लाख १० हजारांत झाले. ठेव जागेवर आहे. चिरंजीवांनी व्हिडिओवर पाहिले आणि विचारले, "बाबा, ओटा असा पायरीसारखा का?" मी म्हटले, "वळणाप्रमाणे इंजिन." त्याला काय कळले कोण जाणे, पण त्याने आईला सरळ उभे राहून भाकरी थापताना पाहिले आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

पाट टाकून द्यायला ही तयार नव्हती. तो आता जमिनीवर आहे आणि त्याच्यावर मी बसतो. कोथिंबीर निवडतो, लसूण सोलतो. आठवड्यातून एकदा, एकतीस इंचांच्या ओट्याशी वाकून, स्वयंपाकही करतो. माझी कंबर दुखते, पण तक्रार कुणाकडे करणार?

परवा पुन्हा पिठले केले. ही पहिल्यांदाच आयत्या पानावर बसली. दोन घास खाल्ले. मी समोर उभा. मी म्हटले, "कसं झालंय?"

हिने जरा विचार केला आणि नव्या ओट्याकडे पाहत म्हणाली, "नेपथ्य बरं आहे."